पौषातलं वऱ्हाड

पौषात आमच्यात लग्न लागत नाही, हे उमेळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी छप्पन साली ऐन पौषात आमच्या अंगणातून एक वऱ्हाड निघालं. नवरी खोटी, वऱ्हाडणी खोट्या, बँडमधले निम्मे वाजंत्री खोटे. त्या सगळ्या सोंगात खरी गोष्ट एकच होती, आणि तिनंच घात केला.

आमची तेव्हा मोटार होती. एस.टी. मोठ्या रस्त्यानं धावायची, उमेळ्याच्या आडवळणाला यायचं तिचं काही अडलं नव्हतं. म्हणून मिठागराच्या बांधापासून वसई रोड स्टेशनपर्यंत आमची खाजगी गाडी. सकाळी केळीचे लोंगर, विड्याच्या पानांच्या करंड्या आणि भाजीवाल्या बाया घेऊन जायची, संध्याकाळी रिकाम्या करंड्या आणि त्याच बाया भांडत परत आणायची. गाडीचे मालक माझे यजमान. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती. आता माझे दात पडलेत, आता कोण रागावणार? काशिनाथ. तिकिटं ते स्वतः फाडायचे आणि गाडी चालवायचा शेजारच्या वाडीतला इग्नेशियस. तो किरिस्ताव, पण थंडीत आमच्याकडे मडक्यात भाज्यांची उकडहंडी लागली की त्याची जागा ठरलेली असायची.

यजमानांचा एक हट्ट होता. रस्त्यात जो हात दाखवील त्याच्यासाठी गाडी थांबलीच पाहिजे. म्हातारी लांबून धावत येताना दिसली तर ते गाडी मागे घ्यायला लावायचे. मी म्हणायची, असं केलंत तर एक दिवस गाडी स्टेशनाऐवजी मागे मागे खाडीत जाईल. ते म्हणायचे, "मंदा, माणूस उन्हात उभं राहतं ते गाडीच्या भरवशावर. भरवसाच गेला तर नुसतं लोखंड काय चाटायचंय?" असल्या बोलण्यापुढे बायको काय बोलणार? कपाळाला हात लावायची आणि चुलीकडे वळायची.

दिवाळी झाली की गुजरातेतल्या बलसाडकडून मिठागरावर माणसं यायची. नवरा-बायको जोडीनं येत, बांधावर झावळ्यांच्या झोपड्या घालत आणि पावसाच्या तोंडावर निघून जात. येताना स्टेशनावरून आमचीच गाडी, जाताना आमचीच. त्यांच्यातली जीवी आमच्या घरची झाली होती. बाजाराच्या दिवशी गाडी आमच्या दारात पाणी प्यायला थांबली की ती उतरायची आणि माझ्या सासूबाईंच्या, आनंदीबाईंच्या, पुढ्यात मिठाचा मोठा खडा ठेवायची. सासूबाई तिच्या ओच्यात केळी घालायच्या. एक गुजराती बोलायची, एक आमची वाडवळी, आणि दोघींचं पोटभर बोलणं व्हायचं. जीवीचा नवरा भिखा हसरा होता, हाताचा कुशल होता. ढोल वाजवावा तर त्यानं. होळीला तो मिठागरावर वाजवायला लागला की इकडे आमच्या वाडीत पोरांचे पाय जागेवर राहत नसत.

मग त्या जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला. राग मलाही आला होता, खोटं कशाला बोलू? मुंबई आपली नाही म्हणजे काय? पण मिठात पाय सडवणाऱ्या जीवीनं कोणाची मुंबई चोरली होती, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

त्या गोळीबारात आमच्या खाडीकाठच्या आगऱ्यांचा एक पोर गेला. रामू. गिरणीत कामाला होता. त्याचा बाप श्रीपत हा सरळ माणूस. भातशेती करायचा, आमच्या गाडीनं तांदूळ न्यायचा, उतरताना इग्नेशियसला रामराम केल्याशिवाय जायचा नाही. पोराचं प्रेतसुद्धा त्याला धड बघायला मिळालं नाही. त्याच्या दारात गावोगावची तरणी पोरं जमली आणि त्यांनी त्याला उचलून पुढे बसवलं. श्रीपतला काय पाहिजे होतं हे कोणी विचारलं नाही. त्याला पोर पाहिजे होता. तो मिळणार नव्हता, मग जे हाताशी होतं ते त्यानं घेतलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि आग लागली की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

पहिल्या दिवशी गाडीची पुढची काच फुटली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की गुजरात्यांना गाडीत घेतलंत तर गाडी पेटवू. यजमानांनी काचेच्या जागी, समोरचं दिसेल एवढं सोडून, गोणपाट बांधलं आणि गाडी वेळेवर काढली. त्या दिवशी मिठागराच्या थांब्यावर कोणी हात दाखवला नाही. माणसं झोपड्यांतून बाहेरच पडली नव्हती. तरी इग्नेशियसनं तिथे नेहमीइतकी गाडी उभी केली, भोंगा वाजवला आणि मग वळवली.

त्या रात्री झोपड्या पेटल्या. माणसं तिवरांच्या चिखलातून चालत आमच्या वाडीत आली. सकाळी मी पाणी लावायला गेले तर केळीच्या बनात बाया-माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, अंगावर चिखल वाळलेला. जीवी होती, भिखा होता. कोणी रडत नव्हतं. रडणं ऐकू जाईल म्हणून.

आता यांना स्टेशनावर पोचवायचं होतं. स्टेशनावर पोलीस होते, सुरतेकडची गाडी चालू होती. फलाटावर पोचले की सुटले. मध्ये होती ती एक मोरी. उमेळ्यातून माणिकपूरकडे जाताना ओढ्यावर लहानशी मोरी आहे, तिथे पोरांनी बैलगाडी आडवी घातली होती आणि श्रीपतला बाजेवर बसवलं होतं. प्रत्येक गाडी थांबवून आत बघत होते. चालत जायचं म्हटलं तर दुसरी वाट नाही, दोन्हीकडे उघडी शेतं. आणि वाडीत ठेवावं तर किती वेळ? आगीचा वास आला की माणसं शोधायला निघतातच.

पडवीत बसून बोलणं झालं. सासूबाईच म्हणाल्या, "लग्नाची गाडी कोण अडवत नाय. वऱ्हाड करून न्या त्यांना." बोलणं खरं होतं. आमच्या भागात वऱ्हाडाची गाडी शिवेवर थांबते ती नारळासाठी आणि दोन घटका बँड ऐकण्यासाठी. नवरीच्या गाडीत डोकावून कोणी झडती घेत नाही.

माझे सासरे, विद्याधरअण्णा, सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "पौष चाललाय. पौषात वऱ्हाड काढलंत तर मोरीवरची पोरं सोडा, मोरीखालचे बेडूक पण हसतील."

मग इग्नेशियस दारातून म्हणाला, "आमच्यात कुठं पौष हाय, अण्णा? आमची लग्नं आताच असतात. उपासाचे दिवस लागले का बंद."

तिथून पुढे सगळं भराभर ठरलं. इग्नेशियसची मामेबहीण रोझलिन गास गावाहून आली, नवरी व्हायला. एवढी धीट पोरगी मी परत पाहिली नाही. चुलतबहिणीचा पांढरा झगा आणि तोंडावर जाळी घालून ती आरशात बघून म्हणाली, "खऱ्या वेळी कोण मिळेल न मिळेल, आज घालून घेते." माणिकपूरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाची मिस्सा, नवरा तिकडेच थांबलाय, आणि हे रात्री इग्नेशियसकडे उतरलेलं नवरीकडचं गासचं वऱ्हाड, असं ठरलं. गासच्या बाया श्रीपतनं कधी पाहिलेल्या नव्हत्या. आमच्या घरातल्या बाया म्हणून नेल्या असत्या तर त्यानं एकेक ओळखून काढल्या असत्या. मी तेवढी माझ्या रोजच्या लुगड्यात आणि कुंकवात जाणार होते, मालकाची बायको आणि शेजारीण म्हणून. ओळखीचं एक तरी तोंड पाहिजे होतं.

इग्नेशियसच्या आईनं आळीतून लाल चौकड्यांची लुगडी गोळा करून आणली. पुरुषांचा प्रश्न होता, तो व्हिन्सेंटनं सोडवला. व्हिन्सेंटचा लग्नाचा बँड होता. तो आपले दोन वाजवणारे घेऊन आला आणि बाकीच्या टोप्या, कोट, पितळी वाद्यं मिठागरवाल्यांना दिली. "तोंडाला लावायची, फुंकायची नाय," त्यानं सांगितलं. "फुंकलात तर मेलात." भिखाला मोठा ढोल मिळाला. तो वाजवला तर चालणार होता. चामड्याचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून घेऊन पाठीमागे आवळून बांधले, तेव्हा भिखानं ढोलाच्या कडेवर बोटं वाजवून पाहिली आणि त्या सकाळी पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

बायांना लुगडी नेसवली. पदर किरिस्तावणींसारखे घेतले, नाकातल्या चुन्या काढल्या. मग कपाळं. किरिस्तावणी कुंकू लावत नाहीत. घंगाळात पाणी ठेवलं आणि बायांनी एकेक करून कपाळ धुतलं. जीवी मात्र खांबाला धरून उभी राहिली. "धणी सामे ऊभो छे, ने हुं लूछुं?" ती म्हणाली. नवरा समोर उभा आहे आणि मी पुसू? रोझलिन घाई करत होती, बाकीच्या बाया खाली बघत होत्या. शेवटी भिखा ढोल सावरत आला. अंगठा ओला करून त्यानंच तिचं कुंकू पुसलं आणि म्हणाला, स्टेशनावर लाव हवं तेवढं. जीवीनं डोळे उघडे ठेवले होते.

मी रोझलिनला घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसले. मागे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं, पण इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जीवी सगळ्यात शेवटी चढत होती. सासूबाई पायरीपाशी उभ्या होत्या. संक्रांत नुकतीच झालेली, हळदीकुंकवाचे दिवस. या दिवसांत आमच्या घरातून सवाष्ण बाई कोऱ्या कपाळानं गेल्याचं सासूबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. मोलकरीण असो, मासळीवाली असो, करंडा घेऊन त्या दारापर्यंत धावायच्या. आणि ही जीवी, नवरा जिवंत असताना नवऱ्याच्याच हातानं पुसलेली. त्यांना ते बघवलं नाही. कंबरेची कुंकवाची डबी काढून त्यांनी जीवीच्या कपाळाला बारीक, गव्हाच्या दाण्याएवढी टिकली लावली आणि पदर तिच्या भुवयांपर्यंत ओढला. "पदराखाली कोन बगतंय?" त्या म्हणाल्या. "त्याला आयुष्य मागितलंय मी. जा."

गाडीला कागदाची फुलं लावली होती, बोनेटवर पांढरी फीत. गोणपाट काढून टाकलं होतं, वारा सरळ तोंडावर येत होता. आमच्या वळणापाशी व्हिन्सेंटनं कॉर्नेट तोंडाला लावलं आणि बँड सुरू झाला. शेतातल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. लहान पोरं गाडीमागे धावली. एक क्षण मला वाटलं, खरंच लग्नाला चाललोय.

मोरीवर इग्नेशियसनं गाडी थांबवली. काठ्या घेतलेली पोरं होती, काहींच्या हातात कोयते. पण बँड बघून त्यांचे चेहरे सैल पडले. पोरंच ती. एकानं ओरडून सांगितलं, "वाजवा की जरा, खाली उतरून वाजवा." शिवेवर बँडनं उतरून वाजवायचं ही चालच आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. व्हिन्सेंट उतरला, त्याचे दोघे उतरले, आणि मागोमाग भिखा उतरला, कारण ढोलाशिवाय बँड कसा वाजणार? बाकीचे टपाला आणि शिडीला धरून तोंडाला पितळ लावून उभे राहिले. बघणाऱ्याचं लक्ष ढोलाकडेच गेलं. भिखानं असा ठेका धरला की काठी घेतलेला एक पोर कमरेतून हलायला लागला.

श्रीपत बाजेवरून उठून गाडीकडे आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. यजमान दारात उभे होते. त्यांनी हात जोडले.

"लगीन कोनाचा?" त्यानं विचारलं.

"इग्नेशियसच्या मामेबहिणीचं, गासची. देवळात चाललोय."

श्रीपतनं एक पाय पायरीवर ठेवला आणि आत डोकावला. मला त्यानं ओळखलं, मान हलवली. मग रोझलिनकडे बघितलं. जाळीआड ती खाली बघत होती. "मना सुतक हाय, पोरी," तो म्हणाला. "तुना हात नाय लावत. सुखी रहा." आणि त्याचा आवाज फुटला. तिच्या जाळीकडे तो बघत राहिला. रामूचं लग्न वैशाखात करायचं ठरवलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी मला त्याची इतकी कीव आली की मी त्याला खरं सांगून टाकलं असतं.

मागे वळून तो पोरांना म्हणाला, "जाव दे. किरिस्तावांचा लगीन हाय. गारी बाजूला घ्या." दोघं बैलगाडी ओढायला गेले. सुटलो, मी मनात म्हटलं.

खाली भिखानं ठेका बदलला. त्याला कळलं असावं की सुटलो. होळीला वाजवायचा तोच ठेका त्यानं धरला. आणि मागच्या बाकावर जीवीनं मान वर केली. इतका वेळ छातीला हनुवटी लावून बसलेली बाई, नवऱ्याचं वाजवणं ऐकून तिच्यानं राहवलं नाही. खिडकीतून ती त्याच्याकडे बघायला लागली. समोरून वारा येत होता. पदर मागे सरला.

श्रीपतचा पाय अजून पायरीवर होता. मी त्याची नजर मागे गेलेली पाहिली. मीही वळले. लाल चौकड्यांचं किरिस्तावणीचं लुगडं आणि कपाळाला ताजं कुंकू. श्रीपत काही ओरडला नाही. तो सावकाश खाली उतरला, आणि जवळच्या पोराच्या कानाशी लागला.

इग्नेशियसनं आरशात ते पाहिलं असणार. बैलगाडी पुरती सरकलीसुद्धा नव्हती, तोच त्यानं गाडी घातली. पहिला दगड माझ्या खांद्याला लागला. व्हिन्सेंट आणि त्याचे दोघे उड्या मारून चढले. टपाला धरलेल्यांनी वाद्यं टाकून दिली आणि शिडीला मिठ्या मारल्या. भिखा धावत होता. यजमान दारातून पार वाकून हात पुढे करून ओरडत होते, "टाक, टाक तो ढोल!" भिखाचे हात पाठीमागे पट्टे सोडवायला गेले, पण ते पट्टे आम्हीच आवळून बांधले होते. त्यानं एकदा यजमानांचा हात पकडला. मी डोळ्यांनी पाहिलं. पण पोटावर एवढा मोठा ढोल, तो दाराच्या दांड्याला आपटला आणि हात सुटला.

इग्नेशियस ओरडला, "थांबू काय? काशिनाथ, थांबू?"

जन्मभर जो माणूस हात दाखवील त्याच्यासाठी गाडी मागे घ्यायला लावणारा माझा नवरा. त्यानं गाडीत बघितलं. बाया एकमेकींवर पडल्या होत्या, मागच्या खिडकीतून काठ्या आत येत होत्या. तो म्हणाला, "नको. चल."

जीवीला चार बायांनी धरून ठेवली. स्टेशन येईपर्यंत ती एकच हाक मारत होती, आणि मागे थोडा वेळ ढोलावर काठ्या पडल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

बाकी सगळी माणसं फलाटावर पोचली. यजमान पोलिसांना घेऊन मोरीवर परत गेले. भिखा ओढ्यात पालथा सापडला, पट्टे अंगावर तसेच. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात खाडीकाठी त्याला अग्नी दिला आणि जीवीला तिच्या माणसांनी बलसाडला नेलं. सासूबाई तिच्यासमोर गेल्याच नाहीत. श्रीपतला धरून नेलं आणि पुढे सोडलं, कारण मारणारे कोण हे सांगायला कोणी तयार नव्हतं. पोलीस त्याला घेऊन आमच्याकडे विचारायला आले तेव्हा तो पडवीत बसून एवढंच म्हणाला, "मी हात नाय लावला. मी फकस्त कुकू दिसला असा बोल्लो." ते सासूबाईंनी आतून ऐकलं.

त्या उठल्या, मागच्या विहिरीवर गेल्या, आणि कपाळ धुऊन आल्या.

नवरा जिवंत असताना! गावानं तोंडात बोटं घातली. बायांनी आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं सोडलं. कोणी म्हणालं म्हातारीला वेड लागलं, कोणी म्हणालं नवऱ्याच्या मुळावर उठलीय. उचलली जीभ लावली टाळ्याला. अण्णांनी एकदाच उत्तर दिलं, "मी जिवंत आहे हे मला ठाऊक आहे. रोज तिच्या कपाळाला विचारून बघत नाही." पण मी त्यांना पाहिलंय, त्या झोपल्या की त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे बघत बसायचे.

गाडी दुसऱ्या दिवशीही वेळेवर निघाली होती. मला यजमानांचा रागच आला. म्हटलं, एक दिवस तरी घरी बसा. ते म्हणाले, "आज नाय गेली तर उद्या कोणी हात दाखवणार नाय." पण पुढे महिनोन्महिने ते दारात उभे राहायचे नाहीत. आत बसून तिकिटं फाडायचे, आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे.

दिवाळी झाली. मिठागरं माणसांवाचून राहत नाहीत आणि माणसं पोटावाचून. एका दुपारी स्टेशनावरून येणारी गाडी आमच्या दारात पाणी प्यायला थांबली आणि तिच्यातून जीवी उतरली. ओच्यात काही नव्हतं. पांढरं लुगडं, कपाळ कोरं. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप त्यांच्या हातून सुटलं.

जीवी जवळ आली, सासूबाईंच्या कपाळाकडे बघितलं आणि मटकन त्यांच्याशेजारी बसली. "माजी," सासूबाईंना आई म्हणून हाक मारत ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "अण्णा कवा गेले? आमाला कोनी सांगितला नाय." आणि सासूबाईंचा हात आपल्या मांडीवर घेऊन ती रडायला लागली. आपलं रडून संपलेलं, आता आमच्यासाठी रडत होती. मी दारात उभी होते.

तेवढ्यात अण्णा आतून तांब्या घेऊन आले. "कोण, जीवी? पाणी घे, पोरी."

जीवीचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं अण्णांकडे बघितलं, मग सासूबाईंच्या कपाळाकडे, मग परत अण्णांकडे.

सासूबाई म्हणाल्या, "मी पुसलं. माज्या कुकवानं तुजा मानूस गेला. त्या दिवसापासून लावलं नाय."

"मला मालूम हाय," जीवी म्हणाली. "त्याच दिवशी मालूम पडला. तुमी लावला, पन गाडीत आखा रस्ता होता. एक वार हात उचलला असता तर पुसला असता. मी नाय उचलला."

ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा इतका कडक झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"पन ह्ये काय केला, माजी? तुमचा धनी पानी घेऊन उभा हाय, नी तुमी असा कपाल घेऊन बसला. माज्यासाठी? माज्यासाठी काय पन करू नका. मला लावायचा हाय नी कोनी लावून देनार नाय. तुमच्याकडे हाय नी तुमी फेकून दिला."

तिनं तांब्यातलं पाणी घेतलं नाही. गाडीपाशी गेली, हात वर केला, जणू गाडी चालती होती. यजमान उठून दारात आले. त्या जानेवारीनंतर पहिल्यांदाच आले. त्यांनी उजवा हात पुढे केला. जीवी त्या हाताकडे बघत राहिली, मग दांडा धरून आपली आपण चढली आणि मागच्या बाकावर, त्याच खिडकीशी, जाऊन बसली. इग्नेशियसनं गाडी मिठागराकडे काढली.

सासूबाई ओट्यावर तशाच बसून होत्या. ऊन पायरीवरून खाली उतरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंदा, डबी आन."

मी डबी आणली. त्यांनी डबीला हात लावला नाही, म्हणून मीच बोट बुडवलं. कपाळाला बोट लागलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. डोळे मात्र त्यांनी गच्च मिटून घेतले होते, समोरून मार येताना माणूस मिटतो तसे. पुढे मरेपर्यंत, रोज सकाळी कुंकू लावताना, त्या तसेच डोळे मिटायच्या.